पिवळ्या दिव्याची साक्ष



आपल्या शाळेंतून बाहेर पडणारीं पुष्कळ मुलें पुढें तंत्रशाळेंत जातात व तेथून भोसरी, तळवडे किंवा चाकण येथील एखाद्या कारखान्यांत कामास लागतात. आपण ज्या प्रदेशांत राहतों त्याचें पोट मोटारीवर चालतें. कोणाचे वडील सुटे भाग तासतात, कोणाचे काका रंगकामाच्या विभागांत आहेत, कोणाची मोठी बहीण तपासणीच्या टेबलाशीं बसते. असें असूनही मोटारीच्या फलकावरील इंजिनाच्या आकाराचा लहानसा पिवळा दिवा काय सांगतो, हें आपल्यापैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतें. तो लागला म्हणजे कोणी घाबरतात, कोणी त्यावर चिकटपट्टी लावतात, आणि कोणी मिस्त्रीस पैसे देऊन तो विझवून घेतात. प्रस्तुत लेखांत त्या दिव्याची भाषा समजून घ्यावयाची आहे. एका गाडीची हकीकत सांगितली म्हणजे तें काम सोपें होईल.

माझा एक जुना विद्यार्थी चाकण येथील एका कारखान्यांत पाळीवर काम करतो. तो मूळचा जुन्नरकडचा. येथें मोशीस खोली घेऊन राहतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें २०१६ सालची एक छोटी पेट्रोल गाडी जुनी म्हणून विकत घेतली. त्याचे तिघे सोबती त्याच गाडीनें कामावर जातात व पेट्रोलाचा खर्च चौघांत वांटला जातो. तरुण वय आणि हातांत स्वकष्टाचा पैसा. तेव्हां गाडीचा आवाज भारदस्त असावा, चढावर ती झपाट्यानें निघावी, अशी हौस त्यास झाली. त्यानें एका गॅरेजमध्यें गाडीचा मूळचा हवेचा डबा काढून त्या जागीं उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविला. इंजिनाला लागून असलेली धुराची मूळ नळी काढून चार लांब नळ्यांचा ‘हेडर’ घातला व मागें ‘फ्री-फ्लो’ सायलेन्सर जोडला. धूर शुद्ध करणारें यंत्र मूळच्या नळींतच असल्यामुळें तेंही निघालें. त्याच्याऐवजीं गाडीच्या पोटाखालीं एक लहान, स्वस्त यंत्र जोडण्यांत आलें.

सहा महिन्यांच्या आंत पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानें स्कॅनर लावला, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असें सांगितलें व नवा सेन्सर बसविला. दिवा विझला, तीन दिवसांनीं पुन्हां लागला. मग दुसरा सेन्सर झाला, नंतर मागचाही एक झाला. दिवा मात्र आपला नेम सोडीना. तशांत पीयूसी प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नव्या तपासणींत गाडी नापास झाली. तेव्हां तो मजकडे आला व म्हणाला, “सर, तीन सेन्सर बदलले. आतां गॅरेजवाले दादा म्हणतात, संगणकांतूनच त्या सेन्सरचें नांव काढून टाकूं, मग दिवा जन्मांत लागणार नाहीं. काय करूं?”

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं तो सेन्सर काय काम करतो, हें पाहिलें पाहिजे.

इंजिनाचा श्वास

पेट्रोल जळण्यास हवा लागते, हें आपण जाणतां; पण ती किती लागते? शुद्ध पेट्रोलाचें वजन एक भाग धरलें, तर तें पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतें. मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु व न जळलेलें इंधन धुराबरोबर बाहेर पडतें. अशा मिश्रणास गॅरेजमध्यें ‘रिच’ म्हणतात. हवा अधिक झाली तर मिश्रण ‘लीन’ होतें. तेव्हां नायट्रोजनचे ऑक्साइड धुरांत शिल्लक राहतात. हे ऑक्साइड छातीस अपायकारक असून, भर उन्हांत न जळलेल्या इंधनाशीं त्यांचा संयोग झाला म्हणजे जमिनीलगत ओझोन वायु तयार होतो. म्हणून इंजिनाला प्रत्येक क्षणीं बरोबर मापाचा श्वास लागतो.

तें माप साधलें कीं नाहीं, हें इंजिनाच्या संगणकास धुराची परीक्षा केल्यावांचून कळत नाहीं. धुराच्या नळींत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर ही परीक्षा करतो. त्याच्या टोंकाशीं झिर्कोनिया नांवाच्या सिरॅमिकचा लहानसा तुकडा असतो. त्याच्या एका बाजूस धूर व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. तुकडा तापला म्हणजे दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीप्रमाणें त्यांत सूक्ष्म विद्युद्दाब उत्पन्न होतो. धुरांत ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर हा दाब सुमारें ०.९ व्होल्ट येतो. ऑक्सिजन शिल्लक असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यानें १८८९ सालीं समीकरणाच्या रूपानें मांडला. पुढें त्यास १९२० सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मोटारींत मात्र हा नियम कामास लागण्यास जवळजवळ नव्वद वर्षें जावीं लागलीं. १९७६ सालीं बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम व्होल्व्होच्या गाड्यांत बसविण्यांत आला.

सेन्सर थंड असतांना कांहींच सांगूं शकत नाहीं. त्यास सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापावें लागतें. म्हणून त्याच्या पोटांत विजेची शेगडी असते. तो तापला म्हणजे संगणकास ‘हवा कमी’, ‘हवा अधिक’ असें सतत कळवितो आणि संगणक त्याप्रमाणें पेट्रोल घटवितो किंवा वाढवितो. या घटविण्या-वाढविण्यास ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात व तें शेंकड्यांत मोजतात. ट्रिम अधिक २० असेल तर त्याचा अर्थ असा, कीं संगणक मूळ हिशेबापेक्षां शेंकडा २० पेट्रोल जास्त देत आहे.

त्यापुढें धूर ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’मध्यें जातो. याचें अंतरंग मधमाश्यांच्या पोळ्यासारखें असून त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मूल्यवान् धातूंचा सूक्ष्म लेप असतो. हे धातु स्वतः न झिजतां कार्बन मोनॉक्साइड व उरलेलें इंधन जाळून टाकतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हां नायट्रोजन करतात. लेपांत सीरियम नांवाच्या धातूचा ऑक्साइडही असतो. तो ऑक्सिजन सांठवितो व लागेल तेव्हां सोडतो. त्यामुळें यंत्र चांगलें असेल तर पुढच्या सेन्सरचा दाब भराभर वर-खालीं होत असतांही, यंत्राच्या मागें बसविलेल्या दुसऱ्या सेन्सरचा दाब बराचसा स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करूं लागला, तर यंत्राची सांठवण-शक्ति संपली, असा संगणक निष्कर्ष काढतो. तात्पर्य, पुढचा सेन्सर इंजिनाच्या श्वासाची साक्ष देतो व मागचा शुद्धियंत्राच्या कामाची.

संकेतांक म्हणजे निकाल नव्हे

त्या रविवारीं मी त्या विद्यार्थ्यास घेऊन भोसरीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांचें शिक्षण बेताचें, परंतु हात व डोळे पारखी. त्यांनीं प्रथमच एक गोष्ट बजाविली: “आल्या-आल्या कोड पुसूं नका. पुसला म्हणजे पुरावा गेला.” त्यांनीं स्कॅनर लावून संकेतांक कागदावर उतरून घेतले. ते तीन होते: पी ०१७१, पी ०१४१ आणि पी ०४२०. दिवा लागला त्या क्षणीं इंजिनाची गति, उष्णता व भार किती होता, याचीही नोंद संगणक ठेवीत असतो. तीही त्यांनीं लिहून घेतली. मग त्यांनीं विद्यार्थ्यास विचारलें, “गाडींत काय-काय बदललें आणि कोणत्या महिन्यांत, तें सांग.” आधींच्या गॅरेजमध्यें हा प्रश्न कोणींही विचारला नव्हता.

आतां संकेतांकांचा अर्थ पाहूं. पी ०१७१ म्हणजे मिश्रण फार लीन असल्याचें दिसतें. पी ०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या शेगडीच्या विद्युन्मार्गांत दोष आहे. पी ०४२० म्हणजे शुद्धियंत्राचें काम ठरलेल्या मर्यादेच्या खालीं गेलें आहे. यांपैकीं कोठेंही ‘सेन्सर बदला’ असें लिहिलेलें नाहीं, हें ध्यानांत घ्या. संकेतांक ही तक्रार आहे, निकाल नव्हे. चोरी झाल्याचें सांगणाऱ्या रखवालदारास काढून नवा रखवालदार ठेवला, तर तोही दुसऱ्या दिवशीं चोरी झाल्याचेंच सांगणार. तीन सेन्सर बदलूनही दिवा कां लागे, याचें उत्तर एवढ्यांतच आलें.

मिस्त्रींनीं चारही प्लग काढून आमच्या हातांवर ठेविले. ते काजळीनें काळे झाले होते. पीयूसी केंद्राच्या कागदावर, इंजिन मंद फिरत असतां कार्बन मोनॉक्साइड १.२ टक्के लिहिला होता. भारत स्टेज-४ व त्यापुढील पेट्रोल गाड्यांस ही मर्यादा ०.३ टक्के आहे. आतां विरोध पहा: दिवा म्हणतो पेट्रोल कमी पडतें, प्लग आणि केंद्राचा कागद म्हणतात पेट्रोल फार होतें. विद्यार्थी गोंधळला. मिस्त्री म्हणाले, “कोणी खोटें बोलत नाहीं. जो तो आपल्याला दिसलें तें सांगतो. दोघांचेंही खरें होईल अशी जागा शोधायची.”

साक्षीदाराची परीक्षा

प्रथम सेन्सरचीच परीक्षा झाली. हवेच्या वाटेंत थोडा ज्वालाग्राही वायु सोडतांच पुढच्या सेन्सरचा दाब ०.९ व्होल्टवर चढला. इंजिनाची एक लहान नळी काढून जादा हवा आंत घेतांच तो ०.१ वर उतरला. म्हणजे साक्षीदार शुद्धींत होता. नवा सेन्सर घेण्यापूर्वीं ही पांच मिनिटांची परीक्षा झाली असती, तर तिघांची किंमत वांचली असती.

नंतर फ्युएल ट्रिम पाहिलें. इंजिन मंद असतां तें अधिक २१ होतें, व मिनिटास २५०० फेरे होतांच अधिक ७ वर आलें. हा फरक महत्त्वाचा आहे. उघड्या फिल्टरचें तेल उडून हवा मोजणाऱ्या तारेवर बसलें असतें, तर हवा जसजशी वाढते तसतशी चूकही वाढली असती. येथें ती घटत होती. ज्या अर्थीं मंद गतींत चूक मोठी व जलद गतींत लहान, त्या अर्थीं कोठें तरी एका ठराविक लहानशा फटींतून हवा शिरत असली पाहिजे. ती फट इंजिनाच्या आधीं तरी असेल किंवा नंतर धुराच्या वाटेवर तरी. आधींच्या वाटेंत धूर सोडून पाहिला; तो कोठूनही बाहेर आला नाहीं. मग इंजिन निवूं देऊन सायलेन्सरच्या तोंडांतून हलक्या दाबानें हवा भरली व प्रत्येक सांध्यास साबणाचें पाणी लाविलें. हेडर ज्या ठिकाणीं इंजिनास मिळतो तेथील पॅकिंगजवळ, पुढच्या सेन्सरच्या थोडें अलीकडे, फेंस येऊं लागला.

आतां कोडें उलगडलें. तुम्हांस वाटेल, कीं धूर दाबानें बाहेर येतो, तेव्हां फटींतून तो बाहेर जाईल, हवा आंत कशी शिरेल? परंतु धूर अखंड वाहत नाहीं. तो एकामागून एक ठोक्यांनीं येतो. दोन ठोक्यांच्या मध्यें नळींतील दाब क्षणमात्र बाहेरच्या हवेहूनही कमी होतो व त्या क्षणीं फट बाहेरची हवा ओढून घेते. इंजिन मंद असतां ठोके दूर-दूर पडतात, धूरही थोडा असतो. म्हणून हवेचा वांटा मोठा ठरतो. गति वाढली म्हणजे धुराचा लोंढा भरपूर होऊन तो वांटा नगण्य होतो. सेन्सरला ही परकी हवा दिसली व त्यानें प्रामाणिकपणें ‘ऑक्सिजन अधिक आहे’ असें कळविलें. संगणकानें त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढविलें. त्यामुळें इंजिनाच्या आंत मिश्रण खरोखरीच रिच झालें. प्लग काळे पडले, धूर विषारी झाला, पेट्रोलाचा खर्च वाढला. साक्षीदारही खरा आणि प्लगही खरे. चूक होती ती निष्काळजीपणानें बसविलेल्या सांध्याची.

पॅकिंगची बैठक घासून सपाट केली व नवें पॅकिंग घालून नट क्रमानें आंवळले. मंद गतीचें ट्रिम २१ वरून ४ वर आलें. ‘हे चार कां राहिले?’ असें विद्यार्थ्यानें विचारलें, आणि प्रश्न योग्य होता. सांप्रत आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलमध्यें स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळें त्याच्या एका भागास सुमारें ९ भागच हवा पुरते. म्हणून १० टक्के मिश्रणासाठीं जुळविलेल्या गाडीस २० टक्के मिश्रण मिळालें, कीं तितक्याच हवेमागें थोडें अधिक इंधन द्यावें लागतें, व ट्रिम तीन-चार अंकांनीं वर जातें. सारांश, प्रत्येक फरक हा दोष नसतो. कोणता फरक स्वाभाविक व कोणता विकृत, हें ओळखणें हीच विद्या.

दुसरा संकेतांक शेगडीचा. सेन्सरची शेगडी मापून पाहिली, ती शाबूत होती. परंतु शेगडी चालू असतां तिच्या तारेशीं बारा व्होल्टच्या जागीं सातच व्होल्ट पोहोंचत होते. नवी नळी लांब असल्यामुळें सेन्सरची तार अपुरी पडली होती. ती पीळ देऊन दुसऱ्या तारेस जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. सायलेन्सरच्या धगीनें टेप वितळली व पावसाच्या पाण्यानें सांधा गंजला. मिस्त्रींनीं योग्य जोडणीनें तार बदलली व ती नळीपासून दूर बांधली. त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली: पुष्कळ सेन्सर तुलनेसाठीं लागणारी बाहेरची हवा तारेच्या आंतूनच घेतात, म्हणून सेन्सरच्या तारेस झाळ लावून किंवा ग्रीस भरून तिचा श्वास कोंडूं नये.

दिवा गांवींच कां लागतो?

आठ दिवस दिवा लागला नाहीं. नवव्या दिवशीं विद्यार्थी जुन्नरास गेला आणि परततांना दिवा पुन्हां दिसला. संकेतांक एकच: पी ०४२०. तो म्हणाला, “सर, गांवाला गेलों कींच हा लागतो. तिकडच्या पेट्रोलांत भेसळ असणार.”

हा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण तो चुकीचा आहे. संगणक शुद्धियंत्राची परीक्षा सदासर्वदा घेत नाहीं. इंजिन पुरेसें तापलेलें असावें, वेग कांहीं काळ स्थिर असावा, अशा अटी पुऱ्या झाल्या तरच ती होते. आणि बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष आढळला तरच दिवा लागतो. मोशी ते चाकण हा रस्ता पाळीच्या वेळीं कसा तुंबलेला असतो, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. तेथें स्थिर वेग कोठून मिळणार? परीक्षा सुरू होते व अर्ध्यावर मोडते. नारायणगांवच्या रस्त्यावर गाडी मोकळी धांवली म्हणजे परीक्षा पुरी होते व निकाल लागतो. संकेतांक पुसला म्हणजे या सर्व परीक्षांची नोंदही पुसली जाते व त्या पुन्हां पहिल्यापासून घ्याव्या लागतात. म्हणून पुसल्यावर तीन दिवस दिवा विझलेला दिसे; तो दोष बरा झाल्यामुळें नव्हे, तर परीक्षाच न झाल्यामुळें.

आतां मागच्या सेन्सरची रेषा पाहिली. ती पुढच्या सेन्सरबरोबर वर-खालीं नाचत होती. नवें यंत्र काढून उजेडासमोर धरलें, तेव्हां त्याचें पोळें एका बाजूनें वितळून बसलेलें दिसलें. इतके महिने रिच मिश्रणाचें न जळलेलें इंधन आणि फटींतून शिरलेली हवा हीं दोन्ही त्यांत एकत्र येऊन जळत होतीं. त्या आगीनें तें जळालें. शिवाय तें मुळांतच लहान, व इंजिनापासून दूर असल्यामुळें सकाळीं तापण्यास उशीर लागणारें. म्हणजे एका सैल सांध्यानें प्रथम साक्ष बिघडविली, मग इंजिन, आणि शेवटीं शुद्धियंत्र. दोष परस्परांस जन्म देत गेले.

तोंड बंद करण्याचा मार्ग

याच वेळीं आधींच्या गॅरेजवाल्यानें पुन्हां निरोप पाठविला: मागच्या सेन्सरखालीं एक पोकळ तुकडा घालून तो धुराच्या लोंढ्यापासून दूर उचलूं, किंवा संगणकांतून ती परीक्षाच बंद करूं, खर्च थोडा, काम एका तासाचें. विद्यार्थ्याची स्थिति नाजूक होती. पीयूसी नाहीं, १९८८ च्या मोटार-वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें प्रदूषणाच्या गुन्ह्यास पहिल्याच वेळीं दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, व तीन महिने परवाना अपात्र होण्याची तरतूद आहे. परवाना गेला तर चौघांची पाळी चुकणार. त्याच कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकानें नमूद केलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यास मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें केरळच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तिचा अर्थ कडकपणें लावला. नव्या तरतुदीप्रमाणें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. पण पकडणार कोण, असें त्याच्या मनांत येणें स्वाभाविक होतें. कारण साध्या पीयूसी तपासणींत संगणकाचे संकेतांक वाचले जात नाहींत.

मीं त्यास आपल्या शेजारच्याच एका मोठ्या घटनेची आठवण दिली. चाकण येथील फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण-खात्यानें जाहीर केलें, कीं या कंपनीच्या कांहीं डिझेल गाड्यांच्या संगणकांत परीक्षा ओळखण्याची युक्ति भरलेली आहे: प्रयोगशाळेंत गाडी सोज्ज्वळ वागते, रस्त्यावर मात्र नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट सोडते. हें उघडकीस आणण्यास वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील संशोधकांचें एक लहानसें पथक कारणीभूत झालें. त्यांनीं मापन-यंत्र गाडींतच ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली. पुढें भारतांतही एआरएआय या पुण्याच्या संस्थेनें गाड्या तपासल्या, व डिसेंबर २०१५ मध्यें कंपनीनें येथील सुमारें ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. मार्च २०१९ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भारतांतील नियमांचा आपण भंग केला नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. तिनें वर दाद मागितल्यावर त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें सक्तीची कारवाई थांबविली. या प्रकरणाचा जगावर एक कायमचा परिणाम झाला. परीक्षा केवळ बंद खोलींत घेऊन भागत नाहीं, हें सर्वांस कळलें. आपल्या देशांतही १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांस रस्त्यावरील धुराच्या परीक्षेचा नियम लागू झाला.

मीं म्हटलें, “त्यांच्या गाडीनें परीक्षकास फसविलें. तुझी गाडी कोणास फसविणार? दिवा तुझ्याच डोळ्यांसमोर असतो. त्याचें तोंड बंद केलेंस, तर उद्यां खरोखर कांहीं बिघडलें तरी तुला कळणार नाहीं. आणि तो धूर जातो कोठें? मोशीच्या नाक्यावर थांबलेल्या दुचाकीवरच्या माणसाच्या नाकांत; पाळी सुटल्यावर पायीं घरीं येणाऱ्या तुझ्याच सोबत्यांच्या छातींत.”

त्यानें तत्काळ उत्तर दिलें नाहीं. पुढच्या सुटीस तो गांवीं गेला व येतांना एक पोतें घेऊन आला. मूळची नळी व तिच्यांतील शुद्धियंत्र त्यानें गॅरेजमध्यें सोडलें नव्हतें. वडिलांच्या सांगण्यावरून गोठ्याच्या माळ्यावर ठेविलें होतें. ‘कंपनीची वस्तु टाकूं नये,’ एवढेंच त्यांचें म्हणणें. मिस्त्रींनीं तें तपासून पुन्हां बसविलें, हवेचा मूळ डबाही लाविला. दोन-तीनदां गांवास जाऊन आल्यावरही दिवा लागला नाहीं. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइड ०.०४ टक्के आला. गाडीचा भारदस्त आवाज गेला, याचें त्यास थोडें वाईट वाटलें, हें मी लपवीत नाहीं. पण पेट्रोलाचा हिशेब मांडला तेव्हां त्याचे तिन्ही सोबती खूष झाले.

ध्यानांत ठेवण्याजोग्या गोष्टी

मित्रहो, तुमच्यापैकीं जे पुढें या धंद्यांत पडतील, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें. संकेतांक प्रथम लिहून घ्यावा, मग पुसावा. गाडींत काय बदललें आहे व केव्हां, हें आधीं विचारावें. नव्यानें केलेल्या कामापासून शोधास आरंभ करावा. सेन्सर बदलण्यापूर्वीं त्याची परीक्षा करावी. मंद गतींत व जलद गतींत ट्रिम कसें बदलतें, तें पहावें. दोन पुरावे परस्परविरुद्ध दिसले तर एकास खोटें ठरविण्याची घाई न करतां, दोन्ही खरे ठरतील असें कारण शोधावें. कारणांचा क्रम लावावा व मुळाशीं असलेला दोष प्रथम काढावा. नाहीं तर नवें शुद्धियंत्रही जुन्या दोषानें जळेल. आणि दुरुस्ती झाली असें दिवा विझल्यावरून समजूं नये. संगणकाच्या सर्व परीक्षा पुऱ्या होऊन दिवा विझलेला राहिला, तरच समजावें.

वर्गांतही आपण असेंच वागतों. चाचणींत गुण कमी पडले म्हणजे कित्येक मुलें प्रगति-पुस्तक लपवितात. पुस्तक लपविल्यानें गणित येऊं लागत नाहीं. जो आपला दोष दाखवितो त्यास गप्प करणें सोपें असतें. तो काय म्हणतो हें ऐकून मुळाशीं जाणें कठीण असतें. त्या पोत्यांतील नळी खांद्यावरून खालीं ठेवतांना माझ्या विद्यार्थ्यानें जें कठीण तें पत्करलें, याचा मला आनंद वाटला. तुम्हांलाही आयुष्यांत असे पिवळे दिवे दिसतील. त्यांवर चिकटपट्टी लावूं नका.